त्वचेला सोसणारे रबर: शरीरसंकेत टिपणाऱ्या वाहक रबरी इलेक्ट्रोडांचा आढावा

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर, स्नायूच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर आणि मेंदूतील असंख्य चेतापेशी एकत्र कार्य करू लागल्या की त्याबरोबरही शरीरात अत्यंत क्षीण विद्युत्‌दाब निर्माण होतात, आणि शरीर हे क्षारयुक्त पाण्याचे संवाहक माध्यम असल्यामुळे त्या दाबांचा काही अंश त्वचेपर्यंत येऊन पोहोचतो. छातीवर मिळणारा हृदयाचा संकेत साधारणपणे १ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, त्वचेवरून घेतलेला स्नायूंचा संकेत काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंत जातो, तर डोक्याच्या कातडीवर मिळणारा मेंदूचा संकेत १० ते १०० मायक्रोव्होल्ट एवढाच, म्हणजे हृदयाच्या संकेताचा दहावा ते शंभरावा हिस्सा असतो. हे संकेत टिपण्यासाठी त्वचेवर टेकवल्या जाणाऱ्या वाहक तुकड्याला इलेक्ट्रोड म्हणतात. शरीरातील विद्युत् आयनांच्या, म्हणजे विद्युत्‌भारित अणु-रेणूंच्या हालचालीतून वाहते आणि उपकरणाच्या तारेतील विद्युत् इलेक्ट्रॉनांच्या हालचालीतून वाहते, त्यामुळे एका प्रकारच्या वहनाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे काम याच तुकड्याला करावे लागते, आणि ते त्याने कसे केले यावर पुढच्या सगळ्या मोजणीची भिस्त असते.

ऑगस्टस वॉलर यांनी लंडनमध्ये १८८७ साली माणसाच्या हृदयाचा विद्युत्-आलेख प्रथम मिळवला, आणि त्यानंतर नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी आपल्या तार-गॅल्व्हानोमीटरने या पद्धतीला वैद्यकीय उपयोगाचे रूप दिले, ज्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आइंटहोवेन यांचे इलेक्ट्रोड म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेली भांडी होती आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय त्यांत बुडवून बसावे लागे. १९२९ साली जर्मनीतील येना येथून हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युत्-आलेखाविषयीचा आपला पहिला लेख प्रसिद्ध केला. पुढे भांड्यांच्या जागी धातूच्या पट्ट्या व वाट्या आल्या, आणि अखेरीस आज रुग्णालयांत सर्वत्र दिसणारा चिकटपट्टीचा, एकदा वापरून टाकून द्यायचा इलेक्ट्रोड रूढ झाला, ज्यात चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर आणि त्यावर क्लोराइडयुक्त जेल असते. या जोडीचे वैशिष्ट्य असे, की चांदी, सिल्व्हर क्लोराइड आणि जेलमधील क्लोराइड आयन यांच्यातील रासायनिक देवाणघेवाण दोन्ही दिशांनी सहज होत असल्यामुळे आयन-इलेक्ट्रॉन रूपांतर अडखळत नाही आणि इलेक्ट्रोडचा स्वतःचा दाब बऱ्यापैकी स्थिर राहतो; शिवाय जेल त्वचेच्या वरच्या मृत थरात मुरून तो थर ओला व वाहक करते.

या इलेक्ट्रोडवर मोजणीच्या दृष्टीने फारशी टीका करता येत नाही, आणि म्हणूनच त्याला पर्याय शोधण्याची निकड प्रयोगशाळेतून कमी व वापरणाऱ्यांच्या अनुभवातून अधिक आली आहे. जेल काही तासांत वाळू लागते, चिकटद्रव्याखालची त्वचा लाल होते व खाजते, काही व्यक्तींना त्यातील ॲक्रिलेट संयुगांची अ‍ॅलर्जी होते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची त्वचा इतकी नाजूक असते की पट्टी काढताना तिच्याबरोबर बाह्यत्वचेचा थरच निघून येऊ शकतो. मेंदूचा आलेख काढल्यानंतर केसांत राहिलेली पेस्ट धुऊन काढणे हे रुग्णाला नकोसे असते, आणि कृत्रिम हात वापरणाऱ्या व्यक्तीला हाताच्या खोबणीत रोज जेल भरत बसणे शक्यच नसते. एक-दोन दिवसांच्या नोंदीपुरता हा त्रास सहन करता येतो, पण आठवडेच्या आठवडे चालणारी देखरेख, खेळाडूंचा सराव किंवा रोजच्या वापरातील कृत्रिम अवयव यांसाठी कोरडा, मऊ, धुता येणारा आणि पुन्हा वापरता येणारा इलेक्ट्रोड हवा असतो. वाहक रबर या सगळ्या अपेक्षा निदान कागदावर तरी पूर्ण करते, आणि फिनलंडमधील पोलर या कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या बिनतारी हृदयगतिमापकानंतर छातीला बांधायच्या पट्ट्यांचा जो प्रसार झाला, त्यांतून वाहक रबर व वाहक प्लॅस्टिक यांचे इलेक्ट्रोड सामान्य धावपटूंच्या अंगावरही पोहोचले.

रबराचा विचार करण्यापूर्वी त्वचेचा विचार करणे भाग आहे, कारण संकेताच्या वाटेतील खरा अडसर तीच आहे. बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. तो मृत, चपट्या, केराटिनयुक्त पेशींच्या पंधरा-वीस पदरांचा बनलेला आणि शरीराच्या बहुतेक भागांवर १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. हा थर कोरडा असताना वीज जवळजवळ वाहू देत नाही, आणि त्याच्या खालची जिवंत, ओली ऊती मात्र चांगली वाहक असते, त्यामुळे विद्युत्‌दृष्ट्या तो एक गळका धारित्र, म्हणजे विद्युत्‌भार साठवणारा घटक आणि त्याला समांतर जोडलेला मोठा रोध, असा वागतो. बदलत्या विद्युत्‌प्रवाहाला होणाऱ्या या एकत्रित विरोधाला संरोध किंवा इंपीडन्स म्हणतात. एक चौरस सेंटिमीटर त्वचेचा संरोध १ हर्ट्झ वारंवारतेला १० किलोओहमपासून १ मेगाओहमपर्यंत कुठेही असू शकतो, आणि वारंवारता १ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवली तर तोच शे-दीडशे ओहमांवर येतो. शरीरसंकेतांची वारंवारता नेमकी खालच्या टोकाला असल्यामुळे त्यांच्या वाट्याला हा मोठा संरोधच येतो.

शृंगस्तराची दुसरी खोड अधिक त्रासदायक आहे. त्याच्या दोन बाजूंमध्ये काही दशक मिलिव्होल्टांचा दाबफरक असतो आणि त्वचा ताणली गेली की तो काही मिलिव्होल्टांनी बदलतो, म्हणजे माणसाने नुसता हात उचलला तरी हृदयाच्या संकेतापेक्षा मोठा खोटा संकेत आलेखात शिरू शकतो. जेलचे इलेक्ट्रोड लावण्यापूर्वी त्वचा बारीक सॅंडपेपरसारख्या कागदाने हलकेच घासण्याची पद्धत आहे ती यासाठीच, कारण शृंगस्तर विरळ झाला की संरोध आणि हा ताणदाब दोन्ही कमी होतात. कोरड्या रबरी इलेक्ट्रोडाचा सारा उद्देश अशी तयारी टाळणे हा असल्यामुळे त्याला त्वचा आहे तशी पत्करावी लागते.

रबर मुळात विद्युत्‌रोधक असते. त्याला वाहक करण्यासाठी त्यात वाहक कणांचे भरणद्रव्य मिसळतात, आणि सर्वांत जुने, स्वस्त व आजही सर्वाधिक वापरले जाणारे भरणद्रव्य म्हणजे कार्बन ब्लॅक, अर्थात उद्योगात तयार केलेली अतिसूक्ष्म काजळी. कणांचे प्रमाण थोडे असताना ते रबरात सुटे-सुटे राहतात आणि मिश्रण रोधकच राहते. प्रमाण वाढत जाऊन एका उंबरठ्यापाशी आले की कण एकमेकांना टेकून किंवा अगदी जवळ येऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड साखळ्या बनवतात, आणि रोधकता अल्प वाढीसरशी कित्येक लाख पटींनी कोसळते. या घटनेच्या गणिताला पाझर-सिद्धान्त म्हणतात; तो ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी १९५७ साली मांडला. गोलाकार, स्वैरपणे विखुरलेल्या कणांसाठी हा उंबरठा आकारमानाच्या सुमारे १६ टक्क्यांवर येतो, पण ज्या काजळीचे कण द्राक्षांच्या घोसासारख्या फांद्याफांद्यांच्या समूहांत जोडलेले असतात तिच्या बाबतीत तो बराच खाली येतो, आणि कार्बनच्या लांबट नॅनोनलिका वापरल्या तर वजनाने एका टक्क्यापेक्षाही कमी प्रमाण पुरू शकते. मिश्रण करणाऱ्या कारागिराला यातील एक अडचण चांगली ठाऊक असते: मिश्रण कमी घोटले तर काजळीच्या गुठळ्या राहतात आणि जास्त घोटले तर तिचे घोस तुटून साखळ्या विस्कटतात, त्यामुळे त्याच कृतीचे दोन घाणे सारख्या वाहकतेचे निघतीलच असे नाही.

या विषयावरील लेखनाचा मोठा भाग रबराची रोधकता आणखी खाली कशी आणता येईल या प्रश्नात गुंतलेला दिसतो, आणि तेथेच या प्रश्नाची मांडणी चुकीच्या दिशेने गेली आहे. समजा, रबराची रोधकता १० ओहम-सेंटिमीटर आहे, म्हणजे एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा रोध १० ओहम आहे, आणि त्याची २ मिलिमीटर जाड व ६ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी छातीवर टेकवली आहे. तर त्वचेपासून मागच्या धातूपर्यंतच्या वाटेचा रोध एका ओहमच्या तिसऱ्या भागाइतकाच भरतो. रोधकता शंभर पटींनी वाईट, म्हणजे १,००० ओहम-सेंटिमीटर धरली तरी तो ३३ ओहमांवर जातो, आणि त्याच पट्टीखालच्या कोरड्या त्वचेचा संरोध मात्र दहा हजार ते लाख ओहमांच्या घरात असतो. पट्टीच्या अंगचा रोध हा एकूण हिशेबात नगण्य आहे. चांदीची भुकटी भरून रबर धातूइतके वाहक करण्याने नोंद सुधारत नाही. उलट प्रत्येक अधिक टक्का भरणद्रव्यामागे रबर ताठ, जड आणि ठिसूळ होत जाते. विद्युत् उत्तेजनासारख्या ज्या उपयोगांत शरीरात प्रवाह सोडायचा असतो तेथे गणित वेगळे होते आणि प्रवाह पट्टीभर सारखा पसरावा म्हणून रबराच्या रोधकतेकडे लक्ष द्यावे लागते, परंतु केवळ संकेत टिपण्यासाठी वाहकतेचा काही भाग सोडून त्याच्या बदल्यात मऊपणा विकत घेणे हा जवळजवळ नेहमीच फायद्याचा सौदा ठरतो.

मऊपणा हा येथे केवळ सुखाचा विषय नाही. त्वचेचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला तर त्यावर काही दशक मायक्रोमीटर खोलीच्या रेघांचे जाळे दिसते, आणि खडबडीत भिंतीवर ताठ पुठ्ठा टेकवला की तो केवळ उंचवट्यांना शिवतो तसा कडक इलेक्ट्रोड त्वचेच्या थोड्याच बिंदूंना शिवतो. उरलेल्या जागेत हवा असते आणि हवेतून संकेत जवळजवळ येत नाही. मऊ रबर त्या रेघांत उतरते, खरे स्पर्शक्षेत्र वाढते, संरोध उतरतो, आणि श्वासाबरोबर छाती हलली तरी रबर त्वचेबरोबर ताणले जात असल्यामुळे स्पर्शरेषेवर घसरण कमी होते. ज्या गुणामुळे इलेक्ट्रोड टोचत नाही त्याच गुणामुळे तो नीट ऐकतो, आणि जो टोचतो त्याचा पट्टा माणूस सैल करतो व नोंद बिघडते.

मऊपणाचे दोन मार्ग आहेत: एक पदार्थाचा, दुसरा आकाराचा. पदार्थांत सिलिकोन रबराला सर्वाधिक पसंती मिळते, कारण ते त्वचेला सहसा बाधत नाही, उष्णतेने व घामाने खराब होत नाही आणि त्याच्या निरनिराळ्या जाती कडकपणाच्या फार मोठ्या पल्ल्यात मिळतात. प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका सिलिकोनाचा यंगचा गुणांक, म्हणजे ताणाला होणाऱ्या विरोधाचे माप, १ ते ३ मेगापास्कल असतो, तर अतिमऊ जातींचा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. मोटारींच्या दारांच्या कडांना लागणारे ईपीडीएम हे कृत्रिम रबरही उपयोगी ठरले आहे. बेल्जियममधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या रबरात वाहकता, लवचीकपणा आणि घडणीची सोय साधणारी द्रव्ये मिसळून हृदयासाठी व मेंदूसाठी कोरडे इलेक्ट्रोड बनवले, आणि मिश्रण सुधारल्यावर त्यांचा त्वचेवरील संरोध जेलच्या इलेक्ट्रोडांपेक्षा केवळ सुमारे दहापट राहिला; हृदयाचा संकेत त्यांनी थेट टिपला, मेंदूच्या संकेतासाठी मात्र इलेक्ट्रोडजवळच एक विवर्धक मंडल जोडावे लागले, डोळे मिटल्यावर दिसणाऱ्या अल्फा लहरी त्यातून स्पष्ट उमटल्या आणि सहभागी व्यक्तींपैकी कोणीही अस्वस्थता नोंदवली नाही. आकाराचा मार्ग याहून स्वस्त आहे, कारण पट्टीची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते: जाडी निम्मी केली की हा विरोध आठव्या हिश्श्यावर येतो. एवढे सोपे साधन हाताशी असताना अनेक आराखड्यांत अजूनही तीन-चार मिलिमीटर जाडीचे ठोकळे दिसतात याचे कारण बहुधा साचे आणि तार अडकवायची बटणे त्या मापाची मिळतात हे असते, त्वचेची गरज हे नसते.

साच्यातून काढलेल्या रबराविषयी एक बारीक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. साच्याच्या भिंतीलगत रबराचा एक अतिशय पातळ, कण नसलेला थर बसतो, आणि आतले रबर कितीही वाहक असले तरी त्वचेला शिवतो तो हाच रोधक पापुद्रा. मल्टिमीटरच्या टोकदार सळया तो भेदून आत जातात आणि रोध उत्तम दाखवतात. प्रत्यक्ष त्वचेवर मात्र तोच तुकडा निराशा करतो. पृष्ठभाग बारीक कागदाने घासणे, प्लाझ्माने खरवडणे किंवा वर वाहक मुलामा देणे हे त्यावरचे उपाय आहेत, आणि मोजणी करताना सळयांऐवजी ओलसर, सपाट इलेक्ट्रोड टेकवून पाहणे ही साधी खबरदारी घेतली तर दोष आधीच लक्षात येतो.

भरणद्रव्य कार्बनचे की चांदीचे, हा प्रश्न वाहकतेपेक्षा रसायनाचा आहे. कार्बनच्या पृष्ठभागावर आयनांशी देवाणघेवाण करणारी ठरावीक अभिक्रिया नसल्यामुळे तो धारित्रासारखा वागतो: झपाट्याने बदलणारा संकेत पलीकडे जातो, पण संथ बदलांच्या बाबतीत आलेखाची आधाररेषा वरखाली तरंगत राहते. हृदयाच्या ठोक्यांची लय मोजण्यासाठी ०.५ हर्ट्झपासूनचा वारंवारता-पट्टा पुरतो आणि तेथे हा दोष फारसा जाणवत नाही, परंतु निदानासाठीच्या आलेखात ०.०५ हर्ट्झपर्यंत खाली जावे लागते, आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा ज्या एसटी खंडाच्या चढउतारावरून ओळखतात तो खंडच तरंगत्या आधाररेषेमुळे फसवा दिसू शकतो. रबराच्या पृष्ठभागावर चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा मुलामा दिला तर ही उणीव बरीच भरून निघते, मात्र ताणले जाणाऱ्या रबरावरचा मुलामा भेगाळतो, आणि गंधकाने पक्क्या केलेल्या रबरात उरलेला गंधक चांदीला काळे पाडतो. म्हणून अशा ठिकाणी पेरॉक्साइडने पक्के केलेले रबर किंवा प्लॅटिनम उत्प्रेरकाने बनवलेले सिलिकोन घेणे इष्ट असते, जरी प्लॅटिनमलाही गंधकाचे वावडे असल्यामुळे काजळीची निवड तेथे तिच्यातील गंधक पाहून जपूनच करावी लागते.

कोरडा इलेक्ट्रोड फार काळ कोरडा राहत नाही. त्वचेतून घाम येत नसतानाही दर तासाला दर चौरस मीटरमागे ५ ते १० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडत असते, आणि ६ चौरस सेंटिमीटरच्या अपार्य पट्टीखाली या हिशेबाने तासाला ३ ते ६ मिलिग्रॅम पाणी अडू शकते. हे पाणी आणि घामातील क्षार मिळून जेलचेच काम करू लागतात, त्यामुळे पट्टी बांधल्यावर पहिली काही मिनिटे खराब येणारी नोंद पुढे आपोआप सुधारते, आणि धावपटूंना पट्टा बांधण्यापूर्वी तो पाण्याने ओला करायला सांगितले जाते ते हा प्रतीक्षाकाळ वाचवण्यासाठी. पण जी ओल संकेताला उपकारक असते तीच दिवसभर साचली तर त्वचेला अपायकारक होते. शृंगस्तर फुगून पांढरट व पिचपिचीत होतो, घर्षणाने सोलला जातो, घामोळे उठते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पहिली अडचण जवळजवळ येतच नाही आणि दुसरी लवकर येते, तर विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात नेमके उलटे घडते, त्यामुळे एका हवामानात तपासलेला आराखडा दुसरीकडे तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही. पट्टीला छिद्रे पाडणे, तिच्या कडेने श्वास घेणारे कापड लावणे, किंवा पृष्ठभागावर खाचा ठेवून मधूनमधून हवा खेळू देणे, असे मधले मार्ग वापरले जातात, आणि त्यांत प्रत्येक छिद्रामागे थोडे स्पर्शक्षेत्र गमवावे लागते.

मेंदूच्या आलेखासाठीचा रबरी इलेक्ट्रोड हा या सगळ्या प्रश्नातील सर्वांत अवघड भाग आहे. तेथे केसांतून वाट काढायची असल्यामुळे सपाट पट्टी निरुपयोगी ठरते आणि बोटांसारख्या खुंट्यांचा आकार घ्यावा लागतो. येथे दाबाचा हिशेब निर्णायक ठरतो. २ मिलिमीटर व्यासाच्या १२ खुंट्या असलेला इलेक्ट्रोड १ न्यूटन बलाने, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने दाबला, तर खुंट्यांच्या टोकांचे एकूण क्षेत्रफळ ३८ चौरस मिलिमीटरच्या जवळपास असल्यामुळे त्यांखालचा दाब सुमारे २६ किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ २०० मिलिमीटर पारा होतो. त्वचेतील केशवाहिन्या बंद पडू लागण्याचा दाब परंपरेने सुमारे ३२ मिलिमीटर पारा मानला जातो. तेच बल ६ चौरस सेंटिमीटरच्या छातीपट्टीवर दिले तर दाब १२-१३ मिलिमीटर पाऱ्यावरच राहतो. डोक्यावर कोरडे इलेक्ट्रोड अर्ध्या-पाऊण तासात दुखू लागतात याचे स्पष्टीकरण या आकड्यांतच आहे. यावर खुंट्यांची संख्या वाढवणे, टोके गोल व किंचित पसरट करणे, आणि खुंट्या इतक्या लवचीक करणे की ठरावीक बलानंतर त्या टोचण्याऐवजी वाकतील, असे उपाय केले जातात; शेवटच्या उपायात रबर धातूवर स्पष्टपणे मात करते, कारण धातूच्या खुंटीला स्प्रिंग लावावी लागते आणि रबराची खुंटी स्वतःच स्प्रिंग असते. तरीही वाकलेली खुंटी केसांवर आडवी पडली की स्पर्शच तुटतो, त्यामुळे तिचा ताठपणा केसांच्या दाटपणाशी जुळवावा लागतो. दाट, जाड किंवा कुरळ्या केसांवर असे इलेक्ट्रोड बसवलेल्या बहुतेक टोप्या कमी पडतात हे आता मान्य झाले आहे, आणि भारतात डोक्याला तेल लावण्याच्या सवयीची त्यात भर पडते. तेल विद्युत्‌रोधक असल्यामुळे मेंदूचा आलेख काढण्याच्या आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता येण्याची सूचना रुग्णालये देतात. घरी रोज वापरण्याच्या उपकरणाला अशी सूचना देऊन भागणार नाही.

उरलेला संरोध विद्युत्-मंडलाने सोसायचा असतो, आणि या बाजूची प्रगती रबराला फार उपकारक ठरली आहे. घरातल्या ५० हर्ट्झ विजेमुळे शरीरावर एक सामाईक दाब येतो. दोन इलेक्ट्रोडांचे संरोध सारखे नसतील तर त्या दाबाचा काही भाग खऱ्या संकेतात मिसळतो. सामाईक दाब १० मिलिव्होल्ट आणि संरोधांतील फरक २० किलोओहम असेल, तर १० मेगाओहम प्रवेश-संरोधाच्या विवर्धकात २० मायक्रोव्होल्टांचा भेसळ-संकेत उमटतो, जो मेंदूच्या संकेताला सहज झाकू शकतो. प्रवेश-संरोध १ गिगाओहम केला की तोच ०.२ मायक्रोव्होल्टवर येतो. इलेक्ट्रोडच्या पाठीवरच एक चिमुकला विवर्धक बसवण्याच्या, म्हणजे सक्रिय इलेक्ट्रोडच्या पद्धतीचे बळ यातच आहे. उष्णतेमुळे होणाऱ्या स्वाभाविक गोंगाटाची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त बाळगली जाते: १०० किलोओहम रोधाचा असा गोंगाट १०० हर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी भरतो. हालचालीने येणारा गोंगाट त्याच्या शेकडो पट असतो, आणि तो विवर्धकाने नाही, तर मऊ रबर, हलकी तार आणि नीट बसणारा पट्टा यांनीच आटोक्यात येतो.

तारेचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. रबराच्या पाठीवर धातूचे टिचबटण बसवून त्याला तार अडकवण्याची पद्धत सार्वत्रिक आहे, आणि बहुसंख्य रबरी इलेक्ट्रोड निकामी होतात ते याच सांध्यापाशी. बटणाभोवतीचे रबर सततच्या दाबाने बसते व सैल पडते, फटीतून शिरलेल्या घामामुळे धातू गंजतो आणि दोन निराळ्या पदार्थांमध्ये बॅटरीसारखा नको असलेला दाब तयार होतो, तर तारेला बसलेला प्रत्येक हिसका थेट त्वचेपर्यंत पोहोचतो. बटणाऐवजी वाहक धागा किंवा लवचीक पट्टी रबरातच साचाबंद करणे आणि तारेला इलेक्ट्रोडपासून दूर, पट्ट्यावर टाका घालून आधार देणे या उपायांना खर्च जवळपास नाही, पण शोधनिबंधांतील आकृत्यांत त्यांना क्वचितच जागा मिळते.

सुरक्षिततेच्या बाबतीत नैसर्गिक रबर मागे पडते, कारण त्याच्या चिकातील प्रथिनांची काही जणांना तीव्र अ‍ॅलर्जी असते, आणि रबर पक्के करताना वापरली जाणारी थाययुरॅम व कार्बामेट वर्गातील द्रव्येही त्वचेला बाधू शकतात. त्वचेवर दीर्घकाळ राहणाऱ्या पदार्थांची पेशीविषाक्तता, क्षोभ आणि संवेदीकरण यांसाठीची तपासणी आयएसओ १०९९३ या मानकमालिकेत सांगितली आहे, आणि पदार्थाला नुसते ‘वैद्यकीय दर्जाचे सिलिकोन’ म्हटल्याने ती टळत नाही, कारण त्यात मिसळलेले भरणद्रव्य, तेल व द्रावकाचे अवशेष हा त्याच पदार्थाचा भाग असतो.

रबराला स्पर्धक आहेत. नासाने १९६६ च्या एका तांत्रिक टिपणात चांदीची भुकटी मिसळलेला डिंक त्वचेवर फवारून केलेल्या कोरड्या इलेक्ट्रोडांचे वर्णन केले होते. अमेरिकेत जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ मध्ये त्वचेसारखे वाकणारे पापुद्रे आणि जपानमध्ये ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१७ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म तंतूंची, हवा खेळू देणारी जाळी दाखवली. चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांची वस्त्रे बाजारात आहेत, आणि कापडावरूनच संकेत घेणारे धारित्र-इलेक्ट्रोडही अस्तित्वात आहेत. पापुद्रे आणि जाळ्या रबरापेक्षा त्वचेला अधिक बिलगतात यात शंका नाही, परंतु त्या पुन्हा पुन्हा काढून लावता येत नाहीत, आणि जे साबणाने धुऊन उद्या पुन्हा बांधायचे आहे त्यासाठी रबराला तूर्त तोड नाही.

या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव पदार्थांची नसून तपासणीच्या पद्धतीची आहे. इलेक्ट्रोड ‘आरामदायी’ असल्याचे निष्कर्ष पुष्कळदा खुर्चीत स्वस्थ बसलेल्या, निरोगी व तरुण स्वयंसेवकांवर काही मिनिटे ते तासाभराच्या वापरातून काढले जातात, तर प्रत्यक्षात हे उपकरण घालणारी व्यक्ती वृद्ध, कोरड्या व पातळ त्वचेची, मधुमेही, कुशीवर झोपणारी किंवा नवजात असू शकते. संरोधाचा आकडा दिला जातो, पण तो कोणत्या दाबाखाली, किती मिनिटांनी आणि किती आर्द्रतेत मोजला हे अनेकदा दिले जात नाही, आणि या तीन गोष्टींवाचून त्या आकड्याला अर्थ उरत नाही. हृदयाची लय आणि स्नायूंचे संकेत यांसाठी मऊ कार्बन-रबराचा इलेक्ट्रोड आजच पुरेसा आहे. एसटी खंडावर अवलंबून असलेल्या निदानासाठी अजून जेलच घ्यावे. मेंदूच्या संकेतासाठी रबर सक्रिय मंडलासह चालते, पण दीर्घकाळ बसवून ठेवण्याइतके सुसह्य झालेले नाही. यापुढे जे कोणी असा इलेक्ट्रोड तयार करतील त्यांनी रोधकतेच्या तक्त्याबरोबर दाब, वेळ आणि आर्द्रता यांची नोंद द्यावी, आणि चोवीस तास वापरल्यानंतर इलेक्ट्रोड काढल्यावर खालची त्वचा कशी दिसली, हेही लिहावे.